जोंधळ्याची बखर

मराठी भाषेतून भाकरी वजा केली तर भाषेचे पोट खपाटीला जाईल. नसती कामे अंगावर घेणारा लष्कराच्या भाकऱ्या भाजतो. पोटासाठी गाव सोडणारा भाकरीच्या मागे जातो. राजकारणी मंडळी भाकरी फिरवण्याच्या गोष्टी करतात. नवी नवरी उंबरठ्याशी आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, आणि चतकोर हा शब्द आपण मुळात भाकरीच्या चौथ्या भागासाठी वापरतो. पोळी मात्र आपल्या वाक्प्रचारांत येते ती तूप ओढून घेण्यासाठी. भाकरी म्हणजे निर्वाह आणि पोळी म्हणजे चैन, असा निवाडा भाषेने केव्हाच करून ठेवला आहे. ताटातला व्यवहार मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत उलटा झाला. पोळी रोजची झाली आणि भाकरी पाहुणी.

हे कसे घडले, याची बखर येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे. 'लोकांच्या आवडी बदलल्या' हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. आवडी बदलतात हे खरे, पण त्या बदलण्यासाठी आधी कोठारात काहीतरी बदलावे लागते. जोंधळ्याच्या इतिहासात कोठाराचा वाटा जिभेपेक्षा मोठा आहे.

प्रथम मूळ पाहू. ज्या धान्याला आपण अस्सल देशी म्हणतो ते ज्वारीचे धान्य मूळचे आफ्रिकेचे. पूर्व सुदानात कसाला शहराच्या परिसरातील एका वस्तीच्या मातीच्या भांड्यांवर ज्वारीच्या कणसांच्या भुशाचे ठसे सापडले. त्यांचा काळ इ. स. पू. ३५०० ते ३००० असा ठरला आहे, आणि लागवडीखाली आलेल्या ज्वारीचा हा सर्वांत जुना पुरावा मानतात. तेथून हे धान्य भारतात आले ते सुमारे चार हजार वर्षांपूर्वी. बाजरी आणि नाचणी याही त्याच खंडातून आलेल्या. भारतातील काही जुन्या नमुन्यांच्या ओळखीवर अभ्यासकांत वाद आहे, परंतु आफ्रिकेच्या जन्मस्थानाविषयी तो नाही.

त्याआधी दख्खनचा माणूस काय खात होता? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ती वस्ती. तिचे मुख्य धान्य जव होते. म्हणजे आज भीमेच्या खोऱ्यात जेथे नजर पोहोचेल तेथवर शाळू डोलतो, तेथील पहिल्या शेतकऱ्यांच्या जेवणात जवाचे राज्य होते. गंमत अशी की, ज्वारी आणि जोंधळा या शब्दांचे मूळही व्युत्पत्तिकार यव, म्हणजे जव, या शब्दाकडेच नेतात. संस्कृत कोशांत ज्वारीला यावनाल म्हटले आहे. नवा पाहुणा आला, जुन्या यजमानाची जागा घेतली आणि नावही त्याच्याच घरातले घेतले. परंपरा म्हणून आपण ज्याला हात जोडतो, त्यातले पुष्कळसे असेच कधीकाळी वेशीबाहेरून आलेले असते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आलेला पाहुणा किती पिढ्या राबला, हे पाहावे.

आणि जोंधळा राबला यात शंका नाही. दख्खनच्या पठारावर पाऊस थोडा आणि लहरी. पण खोल काळी जमीन पावसाळ्यातले पाणी पोटात धरून ठेवते. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत पेरलेली रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू, त्या साठवलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर वाढते व फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. पाट नाही, मोट नाही. शिवाय दाणा माणसाला आणि कडबा बैलाला, अशी त्याची दुहेरी नोकरी. उंच ताटांच्या कडब्यावर उन्हाळाभर गुरे तगत, आणि गुरे तगली तरच पुढल्या वर्षीची पेरणी होई. गहू हे करू शकत नाही, तांदूळ तर नाहीच. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि पुण्याचा पूर्व भाग या पट्ट्यात शाळू म्हणजे निव्वळ पीक नव्हते. शेतीचा सगळा गाडा त्या एका आसावर फिरत होता.

या धान्याचा मुख्य पदार्थ भाकरी. तिची कृती वरवर पाहता इतकी साधी की, पाककृतींच्या जुन्या पुस्तकांना ती सांगण्याची गरजही क्वचितच वाटे. पण आता सांगावी लागते.

दोन वाट्या ज्वारीचे ताजे पीठ परातीत किंवा काठवटीत घ्यावे. मधोमध खळगा करून त्यात साधारण वाटीभर कडकडीत आधणाचे पाणी ओतावे, उलथन्याने ढवळावे आणि पाच मिनिटे झाकून ठेवावे. मग हाताला सोसेल इतके गरम असतानाच, लागेल तसे पाणी घेत तळहाताच्या टाचेने खूप मळावे. एका भाकरीपुरता गोळा पुन्हा मळून घ्यावा, परातीत पीठ भुरभुरावे आणि गोळा बोटांनी कडेकडेने फिरवत थापावा. तवा चांगला तापला की पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाकावी आणि वरून पाण्याचा हात फिरवावा. पाणी सुकू लागताच उलटावी. दुसरी बाजू नीट भाजली की तवा उतरवून भाकरी थेट आचेवर धरावी. चूल असेल तर निखाऱ्यांसमोर उभी करावी. ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो.

या कृतीत उगीच काही नाही. गव्हाच्या कणकेला ताण देणारे ग्लुटेन ज्वारीत नसते, म्हणून पोळीसारखी भाकरी सहजी लाटता येत नाही. उकळत्या पाण्याने पिठातले पिष्ट अर्धवट शिजते आणि चिकटपणा येतो. त्याच्याच जोरावर गोळा एकसंध राहतो. पीठ जुने झाले की हा गुण जातो आणि थापताना कडा चिरतात. म्हणून ज्वारीचे दळण थोडे थोडे व वारंवार आणावे लागते. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

भाकरीखेरीज जोंधळ्याचा संसार मोठा होता. ज्वारी भरडून, पीठ चाळून काढले की कण्या उरतात. वाटीभर कण्या धुऊन तासभर भिजवाव्यात, चार वाट्या उकळत्या पाण्यात मीठ घालून मऊ शिजवाव्यात आणि ताकाशी किंवा दुधाशी खाव्यात. जेथे भात पिकत नाही तेथे हाच भात. आंबील हे उन्हाळ्याचे पेय. अर्धी वाटी ज्वारीचे पीठ वाटीभर आंबट ताकात कालवून रात्रभर ठेवावे. सकाळी चार वाट्या पाण्याला मीठ, ठेचलेले लसूण, आले, हिरवी मिरची आणि जिरे घालून उकळी आणावी व भिजलेले पीठ ढवळत ढवळत ओतावे. कच्चेपणा जाईपर्यंत मंद आचेवर शिजवून उतरवावे, निवले की आणखी ताक घालून सैल करावे आणि कोथिंबीर पेरावी. उन्हातून आलेल्या माणसाला एक वाटी आंबील पुरते. तहान आणि भूक दोन्ही भागतात.

कणसात दूध भरून दाणा घट्ट होऊ लागला की डिसेंबर-जानेवारीत हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजावीत, गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढावेत आणि शेंगदाण्याच्या किंवा लसणाच्या चटणीबरोबर, गुळाच्या खड्याबरोबर खावेत. गुळभेंडी, सुरती अशा हुरड्याच्या जाती वेगळ्या असत आणि शेतकरी घरापुरत्या चार ओळी त्यांच्या लावी. सोलापुराकडची कडक भाकरी हा आणखी एक प्रकार. पातळ थापून, खरपूस भाजून वाळवलेली ही भाकरी कितीतरी दिवस टिकते आणि शेंगाचटणी व दह्याशी खातात. प्रवासाची शिदोरी म्हणून तिला तोड नाही.

देवघरातही जोंधळ्याला मान होता. विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात ज्वारीची आंबील असते. कोल्हापुरात रेणुकेची आंबील यात्रा भरते. लातूर, धाराशिव आणि सोलापूर या भागांत मार्गशीर्ष अमावस्येला वेळा अमावस्या साजरी होते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवार भरते. शेतात कडब्याची कोप उभारतात, तिच्यात पांडव मांडतात, आणि भज्जी, उंडे व आंबील यांचा नैवेद्य दाखवून सगळे तेथेच जेवतात. कर्नाटकाच्या सीमाभागातही हाच सण आहे. कन्नड जोळद रोट्टी आणि मराठी भाकरी यांच्यात भाषेची सीमा असेल, धान्याची नाही.

एवढे सगळे असताना हे धान्य मागे का पडले?

प्रतिष्ठेचा भाग आहेच. गहू सणाचा, पुरणपोळीचा, ज्वारी रोजची. पाहुण्याला पोळी आणि गड्याला भाकरी, हा भेद जुना आहे. पण नुसत्या प्रतिष्ठेने रोजचे धान्य बदलत नाही. त्यासाठी दुसरे धान्य स्वस्त आणि हाताशी असावे लागते. ते हाताशी आणण्याचे काम सरकारी कोठाराने केले. महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि शहरी माणसाच्या धान्याची निवड त्याच्या गावाकडून शिधावाटपाच्या दुकानाकडे गेली. १९५४ साली अमेरिकेत पी. एल. ४८० हा कायदा झाला आणि १९५६ च्या करारानंतर त्याखालील गहू भारतात येऊ लागला. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. हमीभावाने खरेदी आणि स्वस्त दराने वाटप ही साखळी उभी राहिली. ती प्रामुख्याने दोन धान्यांसाठी चालली, गहू आणि तांदूळ. उपाशी देशाला या व्यवस्थेने जगवले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण पंजाबचा गहू मराठवाड्याच्या खेड्यात ज्वारीपेक्षा स्वस्त मिळू लागला, तेव्हा भाकरीचे भवितव्य ठरून गेले.

दरम्यान शेतातही उलथापालथ झाली. १९६४ साली सीएसएच-१ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. खेड्यांत त्या ज्वारीचे नावच 'हायब्रीड' पडले. उत्पन्न वाढले हे निर्विवाद. पण हे खरिपाचे बुटके, लवकर पिकणारे वाण. दाणा भरतो न भरतो तोच परतीचा पाऊस गाठायचा, कणसावर बुरशी चढायची आणि ज्वारी काळी पडायची. तिची भाकरी शाळूच्या भाकरीसारखी पांढरी, गोड होत नसे, आणि ताट आखूड असल्याने कडबाही कमी. जिने रोज मालदांडीची भाकरी खाल्ली होती त्या जिभेला हा फरक समजावून सांगावा लागत नव्हता. १९३० च्या दशकात मोहोळच्या स्थानिक वाणांतून निवडलेली ही मालदांडी, अर्थात एम ३५-१, इतक्या दशकांनंतरही रब्बीच्या शेतकऱ्याने सोडलेली नाही, यातच सारे आले.

आणि मग १९७२. सलग वर्षे पावसाने दगा दिलेला महाराष्ट्र त्या साली पुरता कोरडा पडला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. याच अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कामांवर सुकडी वाटली जाई, आणि शिधावाटपाच्या दुकानांत अमेरिकेची तांबडी मिलो आली. मिलो ही ज्वारीचीच जात, आणि तिच्या देशात ती प्रामुख्याने गुरांना घालतात. तिची भाकरी धड थापता येत नसे, आणि चवही अंगवळणी पडत नसे. लोकांनी ती खाल्ली, कारण दुसरे काही नव्हते. आमच्या मते भाकरीच्या इतिहासातील ही सर्वांत खोल जखम. पिढ्यान्‌पिढ्या जिला अन्नपूर्णा मानले तिचे नाव रांगेशी, लाचारीशी आणि गुरांच्या खाद्याशी जोडले गेले. दुष्काळ सोसलेल्या आईबापांना मुलांच्या ताटात पोळी दिसावीशी वाटली, यात त्यांना दोष कोणी द्यावा?

बाकीचे काम नगदी पिकांनी केले. पाणी पोहोचले तेथे ऊस आला. विदर्भ-मराठवाड्यात १९८० नंतर सोयाबीन पसरले आणि खरिपाची ज्वारी त्याच्याखाली गेली. १९६० च्या सुमारास देशात ज्वारीखाली सुमारे एक कोटी ऐंशी लाख हेक्टर जमीन होती. २०२० च्या सुमारास ती चाळीस-पंचेचाळीस लाखांवर आली. साठ वर्षांत तीन चतुर्थांश क्षेत्र नाहीसे झाले. भाव मिळत नाही म्हणून शेतकऱ्याने पेरली नाही. पेरली नाही म्हणून महागली. महागली म्हणून गरिबाने सोडली.

एक गोष्ट आणखी, आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. भाकरीची गोडी गाणाऱ्यांत पुरुष फार आणि भाकरी थापणाऱ्या बायका. पहाटेचे जाते, धुराने भरलेले घर, आधणाने भाजणारे तळहात, आणि खाणारा पानावर बसला की एकेक गरम भाकरी टाकत राहण्याचा नेम. पीठ साठवता येत नाही म्हणून दळणाची फेरी पुन्हा पुन्हा. भाकरी मागे पडण्याचे एक कारण हेही आहे की, ज्यांच्या हातांवर ती उभी होती त्या हातांना जरा विसावा हवा होता. गिरणीने जाते थांबवले, गॅसने धूर. पण थापण्याची कला आणि वेळ बायकांकडूनच अपेक्षित राहिली. भाकरी परत यावी असे म्हणणाऱ्याने आधी परातीसमोर बसावे, असे आमचे सरळ मत आहे. वरची कृती त्याचसाठी सविस्तर दिली आहे.

आता भाकरी परत येते आहे. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात या धान्यांना 'श्री अन्न' अशी पदवी मिळाली. ज्वारीचे पोहे, ज्वारीची बिस्किटे, हवाबंद पुड्यांतील पीठ, हुरडा पार्टीची तिकिटे हे सगळे आले. मधुमेह्याला वैद्य भाकरी सांगतात. आनंदच आहे. पण भाव पाहा. २०२३-२४ च्या हंगामात मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,२२५ रुपये होता, आणि २०२४-२५ च्या खरेदी हंगामासाठी गव्हाचा २,२७५. बड्या माणसाची पोळी आणि गरिबाची भाकरी हा जुना हिशेब पुरता फिरला आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे दर लिहिलेले होते, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. कागदावर जोंधळ्याला जागा होती. दुकानात पिशवी भरताना पडत राहिले ते मुख्यतः गहू-तांदूळ. ज्या कोरडवाहू गावात शाळू पिकतो तेथील मजुराच्या घरी मोफत गव्हाच्या पोळ्या, आणि शाळूची पोती शहराच्या वाटेवर, असा हा व्यवहार.

मंगळवेढ्याचे नाव निघाले की दामाजीपंतांची कथा आठवतेच. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची कोठारे रयतेसाठी खुली केली, असे ती कथा सांगते. मराठी मनाने ही कथा शतकानुशतके जपली, ती विठ्ठलाच्या चमत्काराइतकीच कोठाराच्या कुलपासाठीही. कोठाराची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती लोकांचे ताट, हे त्या कथेतले शहाणपण. आज किल्ली कोणा बादशहाच्या कमरेला नाही. आपण निवडून दिलेल्यांच्या हाती आहे. कोठार कोणत्या धान्याने भरावे हा प्रश्न त्यामुळे आपलाही आहे. ज्वारीच्या गौरवाची भाषणे पुष्कळ झाली. ज्या दिवशी सोलापूर-बीडच्या शिधावाटप दुकानातून बाई चांगल्या शाळूची पिशवी घेऊन बाहेर पडेल, आणि घरी ती ज्वारी दळून आणायला तिचा मुलगा जाईल, त्या दिवशी भाकरी खऱ्या अर्थाने घरी आली असे आम्ही समजू.